खून वकिलानंच केला

तात्या, तुमचा तो अमेरिकेतला लेखक गेला. जाऊन बरीच वर्षं झाली म्हणे, मला परवा बारामतीच्या स्टँडवर कळलं. पुस्तकं मात्र येतायत. वर त्याचं नाव मोठ्या अक्षरात, खाली दुसऱ्याच कुणाचं बारीक. त्याच्या खुनांच्या गोष्टींतल्या फौजदाराला आता तो दुसरा माणूस चालवतो. मला काहीच वाटलं नाही. पुस्तक चाळलं, भेळ खाल्ली, तेवढ्यात गाडी गेली.

बावड्याच्या डाळिंबाच्या शेडमध्ये दुपारची भाकरी झाली की तुम्ही क्रेटवर बसून त्याची मराठीत आलेली पुस्तकं वाचायचात. बाया डाळिंबं निवडत ऐकायच्या. त्याच्या शहराचं तुम्ही इंदापूर केलेलं, बंदराचं उजनी. शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटायचं आणि विचारायचं, "बोला, कुणी केला खून?" चुकेल त्यानं चहा टाकायचा. मी शाळा सोडून आलो त्या दिवशीही तुम्ही त्यालाच पुढं केलंत. "ह्याची पुस्तकं छापणाऱ्यांनी परत धाडली. ट्रक चालवत लिहायचा त्यो. फिरायचा, पर लिहायचा. तू नुसताच फिरतोस." शेवटचं पुस्तक तुम्ही मिटलंत ते उघडलंच नाही. रोज "उद्या सांगतो." मग तुम्हीच गेलात.

पुढं डाळजला हायवेवरच्या ढाब्यात कामाला होतो. तिथं पाणपक्षी बघायला लांबलांबून माणसं यायची, दुर्बिणी टेबलावर विसरून जायची. ते राहू दे. तिथं बसून ती जुनी पुस्तकं मी स्वतः वाचली, तर खुनी वेगळेच. कुठं माळी, कुठं ड्रायव्हर. तुमच्या तोंडून मात्र कायम वकील, नाहीतर बंगल्याचा मालक. समोर राबणाऱ्या बाया बसलेल्या, म्हणून कामाच्या माणसाला तुम्ही कधी खुनी केलं नाही.

परवा गाडी चुकली म्हणून आत्याकडं गेलो. आपली सख्खी नव्हे, शेडमधली सगळ्यात जुनी. लेकीकडं बारामतीत अंथरुणाला खिळलीय. दिसत नाही तिला आता. आवाजावरनं ओळखलं.

"ते आर्धं ऱ्हायलेलं पुस्तक हाय का रं तुज्याकडं?"

"हाय."

"मग वाच. तेवढं ऐकून जाते."

"आत्या, असं का बोलता?"

"गप. आदी सांग, कुणी केला?"

"वकिलानं."

"तुज्या बापाचाच हाईस. मी म्हनते, सैपाकाच्या बाईनं. तवाबी म्हनलं व्हतं. तवापास्नं तात्या पुस्तक उघडंना झाला."

मी पिशवीतनं पुस्तक काढतो, जाईन तिथं बरोबर असतं ते. पान तुम्ही दुमडलेलं तसंच आहे. वाचत जातो, आणि खुनी सापडायच्या ओळीशी थांबतो. तुमच्यासारखं बदलून सांगणं सोपं आहे, तिला कुठं दिसतंय.

"का थांबलास? बापागत करू नगस."

होतं तसं वाचलं. सैपाकाच्या बाईनंच केलेला.  आत्याला हसू आलं, त्यातच खोकला.

"बरं केलं तिनं. तात्यानं आमाला येकदाबी खून करू दिला न्हाय." मग म्हणाली, "ऊठ, चहा टाक. हारलास."

टाकला. साखर जास्त पडली, तिनं बोलून दाखवलं.

हे तुम्हाला धाडायचं तरी कुठं? एवढंच सांगतो. ते प्रकरण मी ढाब्यावरच वाचलेलं होतं, तात्या. तरी वकीलच म्हणालो.