विझण्याआधी टोचायचं औषध

मित्रवर्य वारू यास,

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे अजून कुरकुरतात का? कुरकुरत असतील तर दोष आपल्या औषधाचा. (शिशाचा डबा छातीशी धरून प्रयोगशाळेतून तपासणीच्या खोलीकडे तुझ्याइतकं कोण पळालं?) मी मजेत आहे. उजवा हात तेवढा आपल्या मनानं ताल धरतो.

त्या तालाचं मूळ शोधायला डॉक्टरांनी परवा मला मेंदूच्या चित्रासाठी धाडलं. आणि काय सांगू, टोचायचं औषध आपलंच! तेच किरणोत्सारी, मेंदूतल्या ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या कुलपांना, जाऊन बिलगणारं आणि बिलगल्या जागी मिणमिणून कॅमेऱ्याला पत्ता सांगणारं. ते जमेपर्यंत शिशाच्या काचेआडून आपण किती वर्षं चिमटे हलवले! कधी रेणू मेंदूच्या उंबऱ्यावरूनच परत फिरायचा, कधी भलत्याच ठिकाणी, यकृताच्या घरी मुक्काम ठोकायचा. पहिल्यांदा निरोगी मेंदूतले ते दोन ठिपके पडद्यावर लख्ख उजळले तेव्हा मी शाळेतली चंद्रोदयाची कविता म्हणायला लागलो आणि तू खेकसलास, "कविता मग, आधी ठिपके मोज!"

तर मी पलंगावर आडवा. औषध घेऊन एक मुलगी धापा टाकत आली (थेट तुझीच धाप). "आजोबा, हात द्या." मी म्हटलं, "शुद्धता तपासलीस का, बाळ?" तिथून जो सुरू झालो! हे औषध माझं म्हटल्यावर चारचौघं जमली, आणि मला थांबवायला कुणाचीच जीभ रेटेना. आपले चिमटे झाले, साहेबांचा टाय यंत्रात अडकला तो दिवस झाला, मग कविता, तीही चालीवर. बिचारी मधूनमधून "आजोबा, हात" म्हणायची. हात हातवाऱ्यांत गुंतलेला. वीस मिनिटांत निम्मं विझणारं ते औषध, कडवी संपेपर्यंत कसलं टिकतं? मंडळींनी हात जोडून घरी पाठवलं. मंगळवारी पुन्हा बोलावलंय.

तुझा,
कविराज

ता. क. इथवर हिनं लिहून घेतलं. माझं अक्षर हल्ली ओळीवर ठरत नाही. ती गॅसकडे गेली आहे, म्हणून हे वाकडंतिकडं माझं. वारू, घड्याळ समोरच होतं रे. ठिपके फिके निघाले तर, या भीतीनं मी बोलत राहिलो. मंगळवारी ये. मी कविता काढली की माझं तोंड दाब. हिला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. भावजी, पत्र पाकिटात मीच घालते, हे यांच्या ध्यानात राहिलं नाही. त्या दिवशी मी तिथेच उशाशी बसले होते. "आणखी एक कडवं म्हणा ना," असं दर वेळी मीच म्हणत होते. तेव्हा नक्की या. तोंडं दोन दाबायची आहेत.