बोटभर जागा

३ जून
चि. ठकूस अ. उ. आ.
बूट-कारखान्याला कुलूप लागलं, शेवटच्या पगाराऐवजी हातात कातड्याचे तुकडे आले, म्हणून तुला आत्याकडे ठेवावं लागलं. मनाला लावून घेऊ नकोस. त्या कातड्यावर शेजारपाजारच्या दुरुस्त्या करतो, चूल पेटते. पण त्यातलं एका जोडापुरतं तुझ्यासाठी राखलंय. बुटं करणाऱ्याची लेक अनवाणी नको. कागदावर पाऊल ठेव, भोवती रेघ मार आणि पाठव.
तुझा बाबा

११ जून
ति. बाबांस सा. न.
पाऊल सोबत आहे. जुनेच बूट छान होतात, तेव्हा कातडं दुरुस्त्यांनाच वापरा. आत्या म्हणते, मी बोलते फार आणि ऐकते कमी. आई वेळेवर जेवते का? खरं सांगा.
तुमची ठकू

१७ जून
ति. ताईस सा. न. वि. वि.
ठकूचं पाऊल मागच्या वर्षीच्या मापावर ठेवून पाहिलं, केसाचा फरक नाही. अकरा वर्षांची पोर वर्षभर वाढत नाही म्हणजे काय? ताई, रागावू नकोस, तुझ्याकडेही ओढाताण असणार. पण तिला पोटभर मिळतं ना? सोमवारी कारखान्याच्या फाटकावर परत घ्यायच्या कामगारांची नावं लिहिणार आहेत. हजर नसेल त्याचं नाव गेलं. तोवर तुझं उत्तर आलं नाही, तर मी सगळं सोडून तिला न्यायला येतो.
तुझा भाऊ

२० जून
चि. भाऊस अ. आ.
आधी रडले, मग चिडले. तुझ्या लेकीपुढे पातेलं खरवडावं लागतं! दटावल्यावर कबूल झाली. जुन्या बुटातला पायाखालचा सुखतळा काढून त्याभोवती रेघ मारली होती. स्वतः कापलेला सुखतळा ओळखू येईना, कसला रे तू कारागीर? चावणारे बूट दप्तरात टाकून शाळेच्या दारापर्यंत अनवाणी जाते. आईच्या तोंडचा घास पायात कसा घालू, म्हणाली. मग मात्र तिला जवळ घेतलं. खरं पाऊल मागच्या पानावर आहे. अंगठा कागदाबाहेर गेलाय. फाटकावरून हललास तर याद राख.
तुझी ताई

२४ जून
चि. ठकूस अ. उ. आ.
आत्याचं पत्र काल आलं तेव्हा मी पिशवी घेऊन उंबऱ्यात होतो. तसाच फाटकाकडे पळालो. नाव लागलं, बोलावणं अजून नाही, जीव टांगणीला आहे. तुझी आई सकाळपासून त्या कागदावर आपलं पाऊल ठेवून बघतेय. जोड कापलाय. पुढे बोटभर जागा सोडलीय.
ठकू, दिवस कसेही येवोत, तुझं वाढणं आम्हाला कधी जड होणार नाही. पुन्हा पाऊल चोरू नकोस. लोभही मापापेक्षा जरा जास्तच ठेव.
तुझा बाबा