कुणापुढे न उच्चारलेला शब्द

३ नोव्हेंबर
वाचनालयात पेपर वाचला. फोन उघडून लोकांना लुटतात म्हणे. आजपासून माझ्या फोनला कुलूप. बोट लावायचं जमलं नाही. कोळंबी सोलून रेषा गेल्यात, फोन ओळखतच नाही. बँक आहे फोनमध्ये, म्हणून काळजी. बाकी ह्यांचा आवाज आहे तेवढा. ह्यांची बोट दीपगृहाच्या अलीकडे आली की रेंज यायची आणि हे बोलून पाठवायचे, "आलो गो, भात टाक." हे जाऊन दोन वर्षं झाली. शेवटचा तेवढा राहिलाय. मी काही रोज ऐकत नाही.

४ नोव्हेंबर, सकाळी
काल ऐकला. स्पीकर चालतो का बघायला.
पासवर्ड सुचला. पेपरात होतं, कुणापुढे कधी न उच्चारलेला शब्द ठेवा. मग ह्यांचं नाव! लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढे जन्मभर 'अहो'. चोराच्या बापाला सुचणार नाही.

८ नोव्हेंबर
चोराचा फोन आला. कार्ड बंद होतंय, मिस्टरांचं नाव सांगा. म्हटलं, आमच्यात नाव घेत नाहीत. म्हणाला, मॅडम, व्हेरिफिकेशन आहे. म्हटलं, असेल. शेवटी शिवी देऊन त्यानेच ठेवला.
मला फसवणं सोपं नाही.

११ नोव्हेंबर
बचत गटात सगळ्यांना शिकवलं. धाकटी जाऊ गोदा म्हणाली, "म्हणजे घोवाचंच नाव ना गो वैनी? माझा पण तोच हाय." काशीचाही तोच. अर्ध्या गटाचा तोच निघाला. वर गोदा म्हणते, "तुझा फुटका फोन नेलान कोणी, तरी परत आणून देईल."
मनाला लावून घेतलं नाही. घरी येऊन नावाच्या मागेपुढे आकडे, चिन्हं जोडली. बॅकअपही बंद केला, आपलं दुसऱ्याच्या हाती कशाला? कुठे लिहून ठेवायचं नाही, हा नियम. पाळला.

१२ नोव्हेंबर
उघडत नाही. नाव आठवतंय, मागेपुढचं नाही. चहा घेऊन बसले की आठवेल.

दुपारी: तीनदा चहा झाला.

१४ नोव्हेंबर
बाजारात सर्वेशच्या मोबाईल दुकानात गेले. म्हणाला, "काकी, काय टाकलंत ते सांगा, बघतो." म्हटलं, गुप्त आहे. "मग रिसेट मारू? नव्यासारखा होईल." आतलं? "आतलं सगळं जाईल."
दुकानात माणसं होती. पदर सारखा केला आणि मोठ्याने बोलले. भागोजी.
त्याने पुढे-मागे काय काय लावून बघितलं. फोन म्हणाला, थांबा. मग म्हणाला, आणखी थांबा. रिसेट करू दिला नाही. घेऊन आले.

१५ नोव्हेंबर
फोन आता पक्का सुरक्षित आहे. चोराला उघडणार नाही. मलाही नाही.
संध्याकाळी बोटी आल्या. दारात उभी राहून पुन्हा नाव घेतलं. आता लाज कसली, बाजारभर झालंय. भागोजी.
ओ आली नाही. भात मात्र टाकला होता.