गाडीतली रिकामी सीट

सुरत, शनिवार, संध्याकाळ

उद्या गावात ग्रामपंचायतीचं मतदान. आमच्या वस्तीवर नळ यावा म्हणून काकी उभी राहिलीय. समोर गावातला सगळ्यात मोठा बागायतदार. आज त्याची गाडी इथं राबणाऱ्या गावच्या पोरांना न्यायला आली. जेवणखाण, जाणं-येणं, सगळं फुकट.

काकी फोनवर म्हणाली होती, "त्याच्याच गाडीत बसून ये की. बटण माझं दाब."

पिशवी भरून गेलो. ड्रायव्हरनं यादीतली नावं वाचली. माझं नव्हतं. "काकीला म्हणावं, तुला विमान धाड," म्हणाला. पोरं हसली. माझ्याच खोलीतली. मागची एक सीट रिकामी होती, तिच्यावर पाण्याचा बॉक्स ठेवला.

एसटीनं जायचं तर पगार सोमवारी. उसने मागावेत अशी पोरं सगळी गाडीत. आणि ती सीट रिकामी! पाण्याला जागा झाली, मला नाही. मी का भांडलो नाही? कुणाशी भांडायचं? गाडी त्याची.

आत्ता काकीचा फोन आला. "निघालास का रं?"

"न्हाय. गाडीत जागा नव्हती."

ती म्हणाली, "असू दे. जेवून घे."

पिशवी अजून दारातच हाय.