उत्तरदाता क्रमांक चौदा

१८ मे, हैदराबाद

शुभांगीचं ऑनर्स पूर्ण झालं. चार वर्षं हेच ठरलं होतं, ते झालं की आमचं लग्न. आज तिनं आपला शोधप्रकल्प मोबाईलवर पाठवला: आमच्या सावली गावातून बाहेर कामाले गेलेली पोरं. त्यासाठी मागं मलेच फोनवर प्रश्न विचारले होते. शिक्षण? सातवी. परत येणार? म्हटलं, तू हाय ना, येईनच. हसली, "असं नाई लिहिता येत रे. होय का नाई, एवढंच सांग."

वाचलं. मी उत्तरदाता क्रमांक चौदा. सगळ्यायलेच नंबर आहेत, मग मलेच काऊन लागलं? फोन केला, लग्नाचं विचारलं. "आपलं नाई जमणार आता," म्हणाली. चौदा नंबरले आणखी काय सांगणार?

खोलीतल्या पोरायसाठी सकाळीच लग्नाचे पेढे आणले होते. ती पास झाली असं सांगून वाटले.