परिषदेत रडण्याचं काम माझं नव्हतं

प्रिय आत्या,

वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (पट्टा बांधतेस, की नुसता खुंटीला टांगून ठेवतेस?) इथे आम्ही सगळे ठीक. फक्त माझी नोकरी जाता जाता राहिली, ती हकीकत दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

हवामान बदलावरच्या मोठ्या परिषदेत मी दुभाषी होते. देशोदेशीची माणसं बोलणार आणि मी काचेच्या खोलीत बसून ते आपल्या भाषेत सांगणार. नियम एकच, वक्ता 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. (सकाळपासून मी कित्येक देशांची मंत्री झाले होते, त्यात दोनदा दाढीवाली.) वाद एका शब्दावर अडला होता. ज्यांची जमीन समुद्रात चालली आहे त्यांना श्रीमंत देशांनी मदत 'करावी' म्हणायचं, की 'करता येईल'? जेवणाआधी तेच, जेवणानंतरही तेच. मग एका लहानशा बेटावरचे मास्तर उठले. शांतपणे म्हणाले, शाळेत पाणी शिरलं, मुलं आता टेकडीवर शिकतात. माझी आई मात्र घर सोडत नाही. म्हणते, मी आधी आले, समुद्र नंतर आला. जायचं तर त्यानं जावं.

हे 'माझी आई' म्हणून सांगताना आत्या, मी माइकवर चक्क हुंदका दिला. कानाला यंत्र लावलेली सगळी माणसं मास्तरांकडे बघायला लागली. ते बिचारे कोरड्या डोळ्यांनी पाणी पीत होते. 'करता येईल'वाला एक जाडजूड मंत्री उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागला. मास्तरांना काही कळेना.

संध्याकाळी 'करावी' मंजूर झालं. सगळे म्हणाले, त्या रडण्यानं काम केलं. आमच्या मुख्य बाई म्हणाल्या, "ते चहाच्या वेळीच ठरलं होतं. आणि यापुढे वक्ता रडला तरच रडायचं."

निघताना मास्तर काचेपाशी आले. "माझ्या आईचं तुम्हाला एवढं का लागलं?" त्यांनी विचारलं. दिवसभर सगळ्यांच्या वतीनं बोलले होते, पण स्वतःचं उत्तर त्यांच्याऐवजी तुला लिहिते आहे.

तुझी,
चिमी

ता. क. दादा सांगत होता, भरतीचं पाणी आता तुझ्या स्वयंपाकघरात येतं, आणि पालिकेच्या माणसांना तू दारातूनच परत पाठवलंस. आमची मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे. ऊन येतं, जिना चढायला नको. मांजरालाही आण.

आणखी एक. 'नाही' म्हणायचं असेल तर फोनवर म्हणू नकोस. शनिवारी मी टेम्पो घेऊन येतेच आहे, तेव्हा समोर बसून म्हण.