मापातलं पाणी

३ मार्च
आठशे मिलीलिटर! दिवसभरात हिला एवढंच पाणी. कुंड्यांच्या मातीतला कसलासा जंतू फुप्फुसात शिरला — लाखात एखाद्याला होतं म्हणे. त्यानं कुठलंसं संप्रेरक बिघडवलं. शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तातलं सोडियम उतरतं. डॉक्टर ढ पोराला सांगावं तसं मला सांगत होते. आणि हिचे ओठ भेगाळलेत, त्याचं काय?

४ मार्च
चौथीत आम्ही एका वर्गात. कवितेची एक ओळ मी म्हणायचो, पुढली ही. पासष्ट वर्षं तोच खेळ. आजही म्हटली — धापा टाकत, पण बिनचूक! मग म्हणाली, "अहो, घोटभर द्या ना."
सगळ्या कवितांत नद्या, झरे, ढग. इथे मोजपेला! पिशवीतली बाटली काढली. दोन पेले घटाघट प्यायली. कसा निवला चेहरा!

६ मार्च
आता रोज तीन-चारदा. मावशीला — हिची उठबस करणारी आया — तेवढ्यापुरतं कापूस आणायला धाडतो.

८ मार्च
डॉक्टर तडकले. "सोडियम उतरतंच आहे. पोटात पाणी जातंय कुठून?" तुमचं औषध लागू पडत नाही, असं म्हणा की! लेकही त्यांच्याच बाजूची. "बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका." जन्मभर मास्तरकी केली, आता मीच हाताची घडी, तोंडावर बोट.
संध्याकाळी ओळ म्हटली. ही छताकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "काका, घरी सोडता का?"

९ मार्च
आकडी आली. अतिदक्षता विभागात हलवलं.

१० मार्च
सिस्टरनं मावशीवर ठपका ठेवला. "शपथ घेते, थेंब नाही दिला! सर, तुम्ही तरी सांगा." सगळे माझ्याकडे वळले. बाटली मांडीवरच्या पिशवीत होती.
"मला काय ठाऊक?" म्हणालो.
दुपारी तिला काढून टाकलं. जाताना माझ्या पाया पडली — बाईंना बरं वाटू दे म्हणाली.

११ मार्च
बाटली कचऱ्यात टाकली. मी कवितेचा भक्त म्हणे! नुसता पाठांतरवाला.

१५ मार्च
सोडियम वर आलं. मला ओळखलं! ओळ म्हणायला तोंड उघडलं, तर हीच आधी बोलली —
"मावशी अजून आल्या नाहीत? तुम्हीच धाडलंत ना कापूस आणायला, मला पाणी पाजायच्या आधी?"
लेक उशाशीच उभी होती.